पाचवी-आठवीची स्कॉलरशिप गेली, कॉलेजची जाऊ देऊ नका

सांगली जिल्ह्यातल्या एका आईने विचारलं आहे. मुलगी साडेतेरा वर्षांची, चौथीनंतर शाळा सोडली, तेव्हापासून घरीच शिकते. गणित बरं आहे आणि किड्यामुंग्यांचं वेड आहे. वडिलांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं वर्कशॉप, वर्षाचं उत्पन्न साधारण पाच लाख, प्रवर्ग ओबीसी. त्यांचे शब्द असे: "सासूबाई रोज ऐकवतात, पोरीची पाचवीची स्कॉलरशिप घालवलीत, आठवीची घालवलीत, आता कॉलेजला कोण देणार? खरंच काही मिळू शकतं का, की आम्ही तिचं नुकसान केलं?"

ताई, सासूबाईंचं अर्धं म्हणणं बरोबर आहे, ते मान्य करून टाका. पाचवी-आठवीची शिष्यवृत्ती परीक्षा राज्य परीक्षा परिषद घेत आली आहे आणि तिचा अर्ज शाळा भरते. एनएमएमएस ही केंद्राची शिष्यवृत्ती तर सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या आठवीच्या मुलांसाठीच आहे. नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. शाळाच नाही, तर अर्ज कोण भरणार? ते पैसे गेले. पण कॉलेजच्या कुठल्याही अर्जात "आठवीची स्कॉलरशिप होती का" असा रकाना मी आजवर पाहिलेला नाही.

आणि मी अर्ज बरेच पाहिलेत. बावीस वर्षं एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या कार्यालयात शिष्यवृत्तीच्या खिडकीच्या आतल्या बाजूला बसले. निवृत्तीनंतर गेली काही वर्षं पुण्यात घरी शिकणाऱ्या मुलांच्या पालकांना कागदपत्रांत मदत करते. त्यामुळे माझं उत्तर शिक्षणतज्ज्ञाचं नाही, कारकुनाचं आहे. घरी शिकणं चांगलं की वाईट या वादात मी पडत नाही. अर्ज कुठे अडकतो, ते मला माहीत आहे.

अर्ज "मुलगी कुठे शिकली" असं विचारतच नाही. तो विचारतो : बोर्ड कोणतं, कोणत्या वर्षी पास, किती टक्के, कॉलेजला प्रवेश कोणत्या मार्गाने मिळाला, उत्पन्न किती, जात कोणती, अधिवास कुठला, खातं आधारला जोडलंय का. घरी शिकलेल्या मुलांची शिष्यवृत्ती हुशारी कमी पडली म्हणून हुकलेली मी क्वचित पाहिली. हुकते ती यातल्या एखाद्या रकान्यात, आणि त्या रकान्याचा निर्णय आईवडिलांनी मुलगी तेरा-चौदा वर्षांची असताना, फारसा विचार न करता घेतलेला असतो. तुम्ही अगदी त्याच टप्प्यावर आहात, म्हणून सविस्तर लिहिते.

सुरुवात बोर्डापासून. घरी शिकणाऱ्या बहुतेक मुलांचा रस्ता म्हणजे एनआयओएस, राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. १९८९ पासूनची केंद्र सरकारची संस्था आहे, तिचं प्रमाणपत्र इतर बोर्डांच्या बरोबरीचं. दहावीला बसायला वय किमान १४ लागतं, बारावीला १५. आठवी पास असल्याचा कागद नसेल तर "पुढचा अभ्यास करण्याइतकं शिकले आहे" असं स्वतःचं लेखी निवेदन चालतं. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. एकदा नोंदणी केली की पाच वर्षांत नऊ संधी. गृहपाठासारख्या असाइनमेंटना २० टक्के गुण असतात. ते काम लोक हलक्यात घेतात आणि मग तीन-चार टक्क्यांनी मुकतात.

दुसरा रस्ता आपल्या राज्य मंडळाचा, म्हणजे १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा देण्याचा. त्याला शाळा सोडल्याचा दाखला लागतो, जो तुमच्याकडे असेल; मात्र चौथीनंतरचा दाखला चालतो का, ते आधी मंडळात विचारा. गुणपत्रिका राज्य मंडळाचीच मिळते, सांगलीतल्या कुठल्याही क्लार्कला समजावत बसावं लागत नाही. तोटा असा की परीक्षा एका दमात द्यावी लागते, एनआयओएससारखे विषय सुटे सुटे काढता येत नाहीत.

तिसरा, आयजीसीएसई ही दहावीच्या तोडीची आंतरराष्ट्रीय परीक्षा खासगी विद्यार्थी म्हणून देण्याचा. पुण्या-मुंबईकडचे पालक तो घेतात. पाच लाखांच्या घराने विचारही करू नये असं माझं मत. दर विषयाची फी भारी, आणि वर भारतीय विद्यापीठ संघाकडून समकक्षतेचं झंझट.

चौथा रस्ता नाहीच, पण तो विकला मात्र जातो. "घरबसल्या दहावी-बारावी, एकाच वर्षात दोन्ही, पासची हमी" अशी पाटी लावून बसलेले लोक. नावात 'बोर्ड', 'दिल्ली' आणि 'मुक्त' हे तिन्ही शब्द असले तरी ते बोर्ड मान्य असेलच असं नाही. कौन्सिल ऑफ बोर्ड्स ऑफ स्कूल एज्युकेशन या संस्थेच्या सदस्य यादीत नाव आहे का ते आधी पाहायचं, मग पैशाचं बोलायचं. माझ्या खिडकीवर असं प्रमाणपत्र घेऊन आलेला एक मुलगा मला अजून आठवतो. गुण ८४ टक्के. प्रवेशच झाला नाही, तर शिष्यवृत्ती कुठून येणार.

आता विषय. इथे माझा थोडा आवाज चढतो, त्याबद्दल आधीच माफी. एनआयओएसच्या दहावीला पाच विषय लागतात आणि त्यात गणित किंवा विज्ञान घेतलंच पाहिजे अशी सक्ती नाही. मग पालक काय करतात? चित्रकला, गृहविज्ञान, डेटा एन्ट्री. मुलगी ८८ टक्के काढते, पेढे वाटले जातात. दोन वर्षांनी तिला बीएस्सी करायचं असतं, किंवा पॉलिटेक्निकला जायचं असतं, आणि दार बंद. चित्रकलेशी माझं वैर नाही, ती सहावा विषय म्हणून घ्या. एनआयओएस पाचावर आणखी दोन विषय घेऊ देते. पण गणित, विज्ञान आणि इंग्रजी सोडू नका, मुलीने आज कितीही शपथा घेतल्या तरी. आणखी एक बारीक गोष्ट : एनआयओएसची उत्तीर्ण होण्याची मर्यादा ३३ टक्के आहे, डिप्लोमाच्या प्रवेशाला दहावीत ३५ लागतात. ३४ टक्के घेऊन आलेला मुलगा पास असतो, पण प्रवेशाला अपात्र.

अभ्यासकेंद्र महाराष्ट्रातलंच घ्या. हे वाक्य अधोरेखित करा हवं तर. एनआयओएसला नोंदणी करताना केंद्र निवडावं लागतं, आणि एजंट लोक "तिकडे प्रॅक्टिकल सोपं असतं" म्हणत दुसऱ्या राज्यातलं केंद्र सुचवतात. आपल्या राज्याच्या प्रवेशप्रक्रियेत दहावी-बारावी महाराष्ट्रातल्या संस्थेतून झाली आहे का, हे पाहिलं जातं. इंजिनिअरिंगला आईवडिलांच्या अधिवासावर काही मुलं दुसऱ्या प्रकारात बसतात, तिथे थोडी वाट असते. मेडिकलच्या राज्य कोट्यात मात्र हा मुद्दा फार कडक लावतात. राज्य कोटा गेला की सरकारी फी गेली आणि राज्याच्या फी-सवलतीही गेल्या. एका ओळखीच्या कुटुंबाने प्रॅक्टिकलचे दहा-बारा गुण वाचवायला गेल्यापायी हे केलं. पुढे चार वर्षं ते पूर्ण फी भरत होते.

मेडिकलचं निघालंच म्हणून : ओपन बोर्डाच्या मुलांना नीट देता येत नाही ही भीती अजून पसरलेली आहे. तशी अट होती, दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती रद्द ठरवली. आता त्यावरून कुणी घाबरवलं तर घाबरू नका.

मग मी तुम्हाला काय सुचवीन? दहावी एनआयओएसमधून, आणि अकरावी-बारावी जवळच्या साध्या कनिष्ठ महाविद्यालयात, विज्ञान शाखेत. घरशिक्षणवाल्या मंडळींना हे आवडत नाही. "एवढं स्वातंत्र्य देऊन शेवटी कॉलेजच्या बाकावर?" असं मला तोंडावर ऐकवलेलं आहे. पण कारकून म्हणून मला त्यात चार फायदे दिसतात. बारावीची गुणपत्रिका राज्य मंडळाची येते. प्रयोगशाळा मिळते, जी घरच्या ओट्यावर उभी राहत नाही. जात पडताळणीचा अर्ज विज्ञान शाखेच्या मुलांना बारावीत असतानाच कॉलेजमार्फत करता येतो, ते काम वेळेत होतं. आणि केंद्रीय योजनांतली बोर्डाची भानगड संपते. उदाहरणार्थ, केंद्राची जी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठीची मोठी शिष्यवृत्ती आहे, बारावीत आपापल्या बोर्डात वरच्या २० टक्क्यांत असणाऱ्यांना पदवीची तीन वर्षं दरवर्षी १२,००० रुपये, तिचा देशभरचा वाटा राज्य मंडळं, सीबीएसई आणि आयसीएसई यांच्यात विभागला जातो. ओपनच्या मुलाने ती हिशेबात धरून घरखर्च मांडू नये. तुमच्या बाबतीत हा प्रश्न उरतच नाही, कारण त्या योजनेची उत्पन्नमर्यादाच साडेचार लाख आहे.

अकरावीचा प्रवेश आता राज्यभर ऑनलाइन आहे, त्यात एनआयओएसची गुणपत्रिका घेऊन बसता येतं. कॉलेजात गेल्यावर पहिले दोन महिने मुलगी कंटाळेल, तास म्हणजे वेळेचा अपव्यय म्हणेल. म्हणू द्या.

बारावीसुद्धा ओपनमधूनच करायची असं ठरलंच, तर दहावी आणि बारावीत दोन वर्षांचं अंतर ठेवा. हुशार मुलांना घाई असते, आणि एनआयओएसमध्ये थोडी मोकळीक असल्याने काही पालक वर्षभरात उरकायला बघतात. दोन वर्षं न दिसणारी बारावी प्रवेशाच्या टेबलावर शंभर प्रश्न उभे करते. एनआयओएसकडून स्थलांतर आणि बदली यांचा एकत्रित दाखला मिळतो. कॉलेजं "एलसी आणा" म्हणतात तेव्हा तोच द्यायचा. खिडकीवरच्या माणसाला हे माहीत नसतं, त्याला शांतपणे सांगायचं आणि प्राचार्यांना भेटायचं. भांडायचं नाही. मी त्या खुर्चीत बसलेली आहे, भांडणाऱ्याची फाइल आपोआप खाली जाते, हेतू नसला तरी.

कागदांबद्दल आता जरा निवांत लिहिते, कारण खरी मेख तिथे आहे.

चौथीनंतर शाळा सोडलीत म्हणजे प्राथमिक शाळेचा दाखला तुमच्याकडे असेल. तो कपाटातून काढा आणि त्यावर जात आणि जन्मस्थळ काय लिहिलंय ते आज बघा. आपल्या राज्यात जातीचा दाखला आणि पुढची पडताळणी यांचं अर्धं ओझं शाळा सोडल्याच्या दाखल्यावर असतं : मुलीच्या, वडिलांच्या, जमलं तर आजोबांच्याही. जी मुलं पहिलीपासूनच शाळेत गेली नाहीत त्यांच्याकडे हा कागदच नसतो, आणि मग वडिलांकडचे जुने दाखले, महसुली नोंदी असं सगळं गोळा करावं लागतं. तुमची मुलगी चार वर्षं शाळेत गेली हे या बाबतीत नशीबच. दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसतं "हिंदू" किंवा पोटजातीचं वेगळंच स्पेलिंग असेल, तर दुरुस्ती आत्ता करून घ्या. बारावीच्या निकालानंतर अख्खा जिल्हा त्याच रांगेत उभा असतो.

जातीचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर, अधिवास आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला हे चार कागद सेतूमधून किंवा आपले सरकारच्या संकेतस्थळावरून निघतात. पहिला एकदा निघाला की निघाला. उत्पन्नाचा मात्र ताजा लागतो, जुना चालत नाही. अधिवासासाठी सलग वास्तव्याचा पुरावा मागतात, आणि बाकीची मुलं तिथे शाळेचं बोनाफाइड जोडतात. तुमच्याकडे चौथीनंतरच्या वर्षांचं बोनाफाइड नसणार. म्हणून रेशनकार्ड, घरपट्टीच्या पावत्या, लाइटबिलं, वडिलांचा अधिवास हे सगळं वर्षवार एका फाइलमध्ये लावत चला. कंटाळवाणं आहे. पण हीच फाइल पुढे लाखभर रुपयांची ठरते.

वडिलांच्या वर्कशॉपबद्दल एक सूचना. पाच लाख हा तुमचा अंदाज आहे की विवरणपत्रातला आकडा? धंदेवाल्या घरात बँकेच्या कर्जासाठी एक उत्पन्न आणि तहसीलदारासाठी दुसरं, असं होतं. दोन कागदांवर दोन आकडे दिसले की अर्ज परत येतो, आणि पुन्हा भरेपर्यंत मुदत गेलेली असते.

आता पैसे कुठून येतात ते. तुमच्या मुलीच्या बाबतीत सगळ्यात मोठी गोष्ट राज्य सरकारचीच आहे, आणि ती गुणवत्तेची शिष्यवृत्ती नाही. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ केली. त्याआधी ती पन्नास टक्के होती. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं. तुम्ही बसता. पण दोन अटी नीट वाचा. प्रवेश सीईटी सेलच्या, म्हणजे राज्याच्या प्रवेशपरीक्षा कक्षाच्या, केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा, म्हणजे कॅपमधून. मॅनेजमेंट कोट्यात जागा घेतली की सवलत संपली, कॉलेज तेच असलं तरी. आणि खासगी व अभिमत विद्यापीठं यातून वगळलेली आहेत. रस्त्यावर मोठमोठ्या फलकांवर मुलींचे हसरे फोटो लावणारी विद्यापीठं बहुतेक त्यात येतात, तेव्हा फलक बघून भुलू नका.

खुल्या प्रवर्गातले मुलगे असतील तर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे. उत्पन्नाची मर्यादा तीच आठ लाख, अट तीच कॅपची, आणि निम्मी शिक्षण फी मिळते. अर्ज महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावर. या कुठल्याच ठिकाणी मुक्त बोर्डाच्या मुलाला वेगळा फॉर्म नाही, रांग एकच.

किड्यांचं वेड आहे असं तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. मी मात्र तिथेच थांबले. कृषी पदवीला कीटकशास्त्र हा मुख्य विषयांपैकी एक आहे, कृषी हा व्यावसायिक अभ्यासक्रम आहे, प्रवेश सीईटीतून कॅपने होतो, आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं कोल्हापूरचं कृषी महाविद्यालय तुमच्यापासून फार लांब नाही. फीमाफी, सरकारी संस्था आणि आवडीचा विषय हे तिन्ही एका जागी मिळण्याची ही शक्यता मला सगळ्यात दाट वाटते. शहरातले पालक "कृषी" म्हटलं की नाक मुरडतात. तुमच्या घरात तसं होऊ नये, ट्रॅक्टरवरच चूल पेटते ना.

शुद्ध विज्ञानाकडे कल राहिला तर चित्र वेगळं. तिथे फीमाफीपेक्षा हातात पैसे देणाऱ्या जागा आहेत. नेस्ट नावाच्या प्रवेशपरीक्षेतून भुवनेश्वरच्या नायसर आणि मुंबईत कलिनाच्या सीईबीएस या विज्ञानसंस्थांत पाच वर्षांच्या एकात्मिक एमएस्सीला प्रवेश मिळतो, आणि तिथल्या मुलांना वर्षाला ६०,००० रुपये आणि उन्हाळी प्रकल्पासाठी २०,००० मिळतात. केंद्राच्या इन्स्पायर शिष्यवृत्तीचीही रक्कम तेवढीच, एकूण ८०,०००. इन्स्पायरला बारावीत आपल्या बोर्डात वरच्या एक टक्क्यात यावं लागतं. तेवढे टक्के नसतील, तर जेईई किंवा नीटमध्ये पहिल्या १०,००० मध्ये येऊन मूलभूत विज्ञानाला प्रवेश घेतलेल्यांनाही ती खुली आहे. घरी शिकलेल्या मुलांना हे दुसरं दार जास्त सोयीचं, कारण ही मुलं बोर्डाच्या साचेबंद उत्तरांत गुण घालवतात आणि डोकं लागणाऱ्या पेपरात वर येतात. निदान माझ्या पाहण्यातली तरी. गणितच प्रेम ठरलं तर भारतीय सांख्यिकी संस्था, कोलकाता आणि बेंगळुरू. शिक्षण शुल्क नाही, उलट दरमहा विद्यावेतन. प्रवेशपरीक्षा मात्र घाम काढते.

आयआयटीत अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना शिक्षण शुल्क पूर्ण माफ, एक लाखाच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलांनाही. एक ते पाच लाख असेल तर दोन तृतीयांश माफ. तुमचा आकडा अगदी त्या रेषेवर आहे, म्हणून वर विवरणपत्राचं बोलले.

खासगी पैशांत रिलायन्स फाउंडेशनची पदवी शिष्यवृत्ती बघण्यासारखी. बारावीत ६० टक्के, उत्पन्न १५ लाखांच्या आत, पहिल्या वर्षाचा पूर्णवेळ नियमित अभ्यासक्रम, आणि एक अभियोग्यता चाचणी. सगळ्या पदवीकाळात मिळून दोन लाखांपर्यंत. "नियमित" हा शब्द बहुतेक योजनांत येतो. म्हणून पदवीसुद्धा दूरशिक्षणाने करायचा विचार असेल, तर निदान शिष्यवृत्तीच्या दृष्टीने तो सोडा. आणि पैसे म्हणजे फक्त फी नव्हे. पुण्यात शिकायला आलं तर राहणं-खाणं फीपेक्षा महाग पडतं. ग्रामीण भागातल्या गरजू मुलामुलींसाठी विद्यार्थी सहाय्यक समिती १९५५ पासून पुण्यात अगदी कमी खर्चात वसतिगृहं चालवते. निवड मुलाखतीने होते, आणि मुलाखतीत घरी शिकलेली मुलं चांगलं बोलतात.

बोलण्यावरून आठवलं. अशोका किंवा अझीम प्रेमजीसारखी विद्यापीठं घरच्या ऐपतीनुसार मदत ठरवतात, कधी पूर्ण फी. तिथे बारावी लागतेच, पण त्यावर परीक्षा, निबंध, मुलाखत. इथे मात्र घरी शिकल्याचा खरा फायदा आहे, तो पुराव्यासकट मांडता आला तर. पुरावा म्हणजे प्रमाणपत्रांची थप्पी नव्हे. मुलीने आजपासून एक वही करावी : तारीख, जागा, कोणता कीटक, काय करत होता, फोटो. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदी टाकल्या तर तारखांसकट सार्वजनिक राहतात आणि जाणकार लोक नाव तपासून देतात. तीन पावसाळ्यांच्या अशा नोंदी मी कुठल्याही "ऑनलाइन सहभाग प्रमाणपत्रा"वर ठेवीन. सोबत घराबाहेरच्या दोन माणसांशी तिचा संपर्क राहू द्या, ज्यांनी तिचं काम वर्षभर पाहिलंय : कृषी कॉलेजचे कुणी प्राध्यापक, तालुक्यातले कुणी अभ्यासू शिक्षक. शिफारसपत्र आईचं चालत नाही.

परदेशाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण नातेवाईक विचारतील, कारण २०१६ ची बातमी सगळ्यांना पाठ आहे. मुंबईतली घरी शिकलेली मुलगी, दहावी-बारावीचं प्रमाणपत्र नाही, आणि थेट अमेरिकेत एमआयटीला. बातमी खरी आहे. तिच्यामागे आंतरराष्ट्रीय संगणक ऑलिम्पियाडची तीन पदकं होती, हे सांगायचं मात्र लोक विसरतात. आयआयटीचं दार तिला बारावी नसल्याने बंदच होतं, हेही. मी ही गोष्ट पालकांना बारावी सोडू नका म्हणून सांगते, ते ती बारावी लागत नाही म्हणून ऐकतात. एमआयटी, हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन ही विद्यापीठं परदेशी मुलांनाही प्रवेश देताना ऐपत बघत नाहीत आणि गरजेइतकी मदत देतात, हे खरं. पण तिथे जागाच मूठभर, आणि एमआयटीला सॅट किंवा एसीटी ही प्रवेशचाचणीही द्यावी लागते.

अमेरिकेतच राहून मुलांना घरी शिकवणारी मराठी कुटुंबं हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी दोनच ओळी : तुमच्या राज्याच्या कायद्यानुसार घरशिक्षण पूर्ण केलेलं मूल, नागरिकत्वाच्या अटीत बसत असेल तर, फाफ्सा हा सरकारी शिक्षणमदतीचा अर्ज भरून संघराज्याची मदत मागू शकतं. नॅशनल मेरिट शिष्यवृत्तीसाठी अकरावीच्या ऑक्टोबरमध्ये पीएसएटी ही परीक्षा द्यावी लागते, आणि ती जवळच्या एखाद्या हायस्कुलात आधीच सांगून ठेवावी लागते. सप्टेंबरच्या शेवटी आठवण झाली तर जागा मिळत नाही.

पुन्हा तुमच्याकडे. मुलगी चौदाची झाली की नोंदणी करायची, त्याला काही महिने आहेत. तोवर दोन कामं. तिच्या नावाचं बँक खातं काढून आधारला जोडून घ्या. नुसतं केवायसी नव्हे, सरकारी रक्कम आधारवरून याच खात्यात येईल अशी जोडणी झाली का, ते बँकेत विचारा. महाडीबीटीचे मंजूर झालेले पैसे या एका कारणाने महिनोन्महिने लटकलेले मी पाहिलेत. आणि दुसरं, नाव. जन्मदाखला, शाळेचा दाखला आणि आधार एका ओळीत ठेवा आणि अक्षर न् अक्षर ताडून बघा : आडनाव आधी की नंतर, वडिलांचं नाव पूर्ण आहे की नुसतं अक्षर, इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक 'ए' की दोन. फरक असेल तर आधार आधी सुधारा, कारण एनआयओएसच्या फॉर्मवर जे नाव जाईल तेच दहावीच्या गुणपत्रिकेवर छापून येतं, आणि तिथून पुढे ते बदलणं म्हणजे राजपत्र, प्रतिज्ञापत्र आणि हेलपाटे. म्हणून फॉर्म कॅफेवाल्याला भरायला देऊ नका. मुलीला स्वतः भरू द्या, आणि सबमिटचं बटण दाबायच्या आधी तुम्ही शेजारी बसून एकदा मोठ्याने वाचून घ्या. वाटल्यास सासूबाईंनाही जवळ बसवा.